विहिरीचे पाणी पाहून परसबाग लावा



पाऊस उघडला, कापसाची बोंडं फुटू लागली. आता घरामागं किंवा विहिरीजवळ गुंठाभर जागा भाजी आणि फुलांसाठी काढावी. पण आधी विहिरीत डोकवा. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, हे आपण विसरलेलो नाही.

हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यात दोन इंच पाणी द्यायचे तर सुमारे पाच हजार लिटर लागते, म्हणजे दोनशे लिटरची पंचवीस पिंपे. अशा आठ-दहा पाळ्या माघापर्यंत पुरतील का, ते पाहा. पुरत नसतील तर अर्धाच गुंठा लावा. वाफ्यात पालापाचोळा किंवा सोयाबीनचा भुसा अंथरला तर ओल टिकते.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून टोमॅटो, फुलकोबी आणि झेंडू सरी-वरंब्यावर लावा. मेथी, पालक, कोथिंबीर सपाट वाफ्यात पेरा. धणे हलके रगडून दोन फाके करून टाकावेत. मेथी सगळी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरला, तर घरात नेहमी कोवळी भाजी येते. मुळा आणि गाजर जागेवरच पेरावे, त्यांची पुनर्लागण करू नये. वाफ्याच्या कडेला लसणाच्या पाकळ्या लावा.

आता फुलांचे. गणपतीत गादीवाफ्यावर टाकलेले झेंडूचे रोप घटस्थापनेच्या सुमारास लावले, तर साधारण दोन महिन्यांनी फुलते. दसरा-दिवाळी हुकते खरी, पण मार्गशीर्षातले गुरुवार सापडतात. दसऱ्याला सगळ्यांचाच झेंडू बाजारात येतो आणि भाव पडतो, हा अनुभव आपणा सर्वांना आहेच. शेवंतीची लागण मात्र आता करू नका. तिचा हंगाम पावसाळ्यातला.

टोमॅटोच्या चौदा-पंधरा ओळींमागे झेंडूची एक ओळ ठेवा. फळ पोखरणारी अळी झेंडूवर अंडी घालते, आणि मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमीही झेंडूमुळे कमी होते. मात्र टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुलात हवा. त्यासाठी झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा दोन-तीन आठवडे आधी टाकावे.

शेवटी एक कळकळीची विनंती. कापसावरचे उरलेले औषध भाजीवर मारू नका. ती भाजी आपलीच लेकरं खाणार आहेत. औषधाचा रिकामा डबाही पाण्याला वापरू नका. मावा-तुडतुडे दिसले तर अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला, एकूण दहा लिटर द्रावण करा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा.

गुंठा लहान असतो, पण ताटातली भाजी आणि हातातला चार पैशांचा आधार तोच देतो. तर मग उद्या सकाळी दोर घेऊन विहिरीचे पाणी मोजा, आणि मगच कुदळ उचला.