जुनं पुस्तक आणि स्कॅनरची काच

परवा एका स्नेह्यांनी मला आपल्या वडिलांच्या एका जुन्या ग्रंथाची स्कॅन केलेली प्रत दाखविली. ग्रंथ १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचा, त्यामुळे पानोपानी टिंबे. प्रतीत मात्र निम्मी टिंबे गायब! आता आपण म्हणाल, टिंबाने असं काय बिघडतं? बिघडतं हो. त्या काळी ‘तें आलें’ म्हणजे एखादे मूल आले, आणि ‘ते आले’ म्हणजे चार पाहुणे आले. आणि मूळ ग्रंथ? तो रद्दीत गेला होता.

दोष यंत्राचा नव्हे. त्यांनी ‘फक्त काळे-पांढरे’ हा प्रकार निवडला होता. मग यंत्र प्रत्येक ठिपक्याचा एका घावात निकाल लावते : शाई, नाहीतर कागद. फिकट टिंब कागदात जमा होते. त्यापेक्षा करड्या छटांची, म्हणजे ग्रेस्केल, प्रत घ्यावी. इंचाला ३०० ठिपके साध्या मजकुराला पुरतात. तळटिपा बारीक असल्या तर ६०० घ्या. काच आधी पुसून घ्यावी. द्रव फडक्यावर घ्यायचा, काचेवर ओतायचा नाही.

पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरे उमटतात, त्यावर उपाय अगदी घरगुती आहे. पानामागे काळा जाड कागद सरकवा. पांढरा कागद आरपार आलेला उजेड परत फेकतो, म्हणून मागची शाई दिसते. काळा तो गिळून टाकतो. पान जरासे गडद येईल, ते मागाहून उजळता येते.

खरी कसोटी शिवणीजवळ. पातळ, हलक्या स्कॅनरांत बहुधा सीआयएस जातीचा संवेदक असतो. त्याला काचेला टेकलेलेच नीट दिसते. शिवणीपाशी उचललेल्या ओळी धूसर येतात. सीसीडी जातीचा जाडजूड स्कॅनर थोडी उंची खपवून घेतो. म्हणून काही पुस्तक दाबायचं नाही! मी एकदा दाबले. कडकन् आवाज झाला आणि मामींच्या लग्नातले पुस्तक दुभंगले. मामी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले. काचेला कड बारीक असेल, तर स्कॅनर टेबलाच्या टोकाशी ठेवावा, एक पान काचेवर आणि उरलेले पुस्तक हाताच्या आधाराने खाली, असे काटकोनात धरावे.

शेवटी एकेक पान मुळाशी ताडून पाहायचे. काम कंटाळवाणे खरे, पण रद्दीवाला त्यानंतर.

आमचे स्नेही हल्ली दर शनिवारी अप्पा बळवंत चौकात दुसरी प्रत शोधत हिंडतात.