राखेत काय उरतं?

सांडपाणी शुद्ध करताना टाकीच्या तळाशी काळा, ओला गाळ साचतो. तो जाळला की घाण संपली, असं आपल्याला वाटतं. जंतू मरतात, दुर्गंधी जाते, हे खरंच. पण पारा, शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत. आगीने ती नष्ट होत नाहीत, त्यांची फक्त जागा बदलते.

सर्वांत आधी निसटतो तो पारा. तो ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि भट्टी असते ८५० अंशांच्या आसपास. त्यामुळे तो धुराबरोबर निघतो. त्याला पकडायला वाटेत सक्रिय कोळसा लागतो. गाळात क्लोरीन असेल तर कॅडमियम आणि शिसंही क्लोराइड होऊन उडतात आणि धूर निवताना बारीक राखेला चिकटतात. तांबं, निकेल, क्रोमियम बहुतांशी राखेतच राहतात. धातू तेवढाच, पण बाकीचा गाळ जळून गेलेला, म्हणून चिमूटभर राखेत त्यांचं प्रमाण वाढतं. ही राख पुष्कळदा विटकरी दिसते. तो रंग लोहाचा. फॉस्फरस खाली बसवायला पाण्यात लोहक्षार घालतात ना, त्यांचा.

आणि हा फॉस्फरस म्हणजे पिकांचं अन्न! स्वित्झर्लंडने २००६मध्ये गाळ शेतात टाकणं थांबवलं. ज्यूरिखमध्ये २०१५पासून तो स्वतंत्र भट्टीत जाळतात. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण इतर कचऱ्यात मिसळलेल्या राखेतून फॉस्फरस परत मिळवणं फार अवघड. तरी काम सोपं नाहीच. राख आम्लात विरघळवली, की फॉस्फरसबरोबर धातूही द्रावणात उतरतात आणि ते पुन्हा वेगळे काढावे लागतात.