कामठीत पाहायचं काय अन् खायचं काय?

मी कामठीहून बोलतेय. आमची छोटी सावजी खानावळ आहे, नागपूर-जबलपूरच्या जुन्या रस्त्यापासून थोडी आत. या कार्यक्रमात मला सांगितलं, की ताई, तुमच्या गावात येणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोला. म्हटलं, बोलते, पण खरं बोलीन. चालतं म्हणाले.

तर खरं असं आहे, की कामठीत पाहुणे येतात भरपूर, थांबत नाहीत. नागपूरहून पंधरा-सोळा किलोमीटरवर गाव. गाडी येते, लोक ड्रॅगन पॅलेसमध्ये जातात, फोटो काढतात, अर्ध्या-पाऊण तासात परत. जेवायला नागपूर. काहींना तर रामटेक आणि पेंच गाठायचं असतं, ते आमच्या गावातून नुसते धुरळा उडवत जातात. माझ्या खानावळीचं सोडा, पण रस्त्यावरचा चहावाला, संत्रीवाला, रिक्षावाला, सगळ्यांचं पोट याच गोष्टीवर आहे.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात केर्न्स नावाच्या गावी एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. उत्तरेकडचा उष्ण किनारा, आपल्या कोकणासारखा दमट. तो फोनवर सांगत असतो, "मावशी, इथं येऊन बघ, पाहुणा कसा सांभाळतात." मी म्हणायची, तुमच्याकडं समुद्र आहे बाबा, आमच्याकडं काय आहे? तर तो हसला. म्हणाला, गावासमोर समुद्र आहे, पण पोहायला किनाराच नाही! ओहोटीला नुसता चिखल. वर त्यात मगरी. तिथं पाट्या लावलेल्या असतात, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, की पाण्यात मगर आहे, सावधान. नोव्हेंबर ते मे जेलीफिश येतात, तेव्हा किनाऱ्यावर जाळीच्या आतच पोहायचं.

आणि ज्यासाठी जग तिथं जातं, तो ग्रेट बॅरियर रीफ गावात नाहीच. प्रवाळांची ती रांग दोन हजार तीनशे किलोमीटर लांब आहे, १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण ती आहे समुद्रात. बोटीनं जावं लागतं. म्हणजे बघा, पाहायची गोष्ट बाहेर, गावात चिखल. तरी लोक गावात राहतात, जेवतात. काऊन?

कारण नगरपालिकेनं २००३ साली समुद्राच्या कडेला खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधला, फुकट. सगळ्यांना. बाजूला हिरवळ, सावली, नळ, शौचालय. आणि भाच्यानं सांगितलेली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे बागेत विजेच्या शेगड्या आहेत, तव्यासारख्या सपाट. कोणीही यावं, आपलं मांस-मासे भाजावेत, पुसून ठेवावं, पैसे नाही. ज्याच्याकडं हॉटेलचे पैसे नाहीत त्याचंही पोट भरतं, आणि तो संध्याकाळभर गावात राहतो. राहिला की मग आइसक्रीम घेतो, फळं घेतो, रात्रीच्या बाजारात फिरतो. पाहुणा आधी टेकला पाहिजे, मग तो खर्च करतो. हे आम्हा खानावळवाल्यांना आधीपासून माहीत आहे. बाकडं असलं की गिऱ्हाईक बसतं, बसलं की चहा मागतं.

आता आमच्याकडं पाहायला काय आहे ते मोजू. कोणी म्हणतं कामठीत काय हाय? ऐका मग.

ड्रॅगन पॅलेस तर माहीतच आहे. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं बांधलेलं बुद्ध विहार, १९९९ चं. आत चंदनाची बुद्धमूर्ती, बाहेर मोठी बाग. आत गेलं की आपोआप आवाज खाली येतो. दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्यातले कितीतरी इथं येऊन जातात. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

पण त्या गर्दीतल्या पोरांना मी विचारते, "बाळा, जय भीम म्हणतोस ना? तो शब्द कुठला?" बहुतेकांना सांगता येत नाही. मग मी सांगते. बाबू हरदास, हरदास लक्ष्मणराव नगराळे, आमच्या कामठीचेच. १९०४ साली जन्म. बिडी कामगारांना एकत्र केलं, रात्रशाळा चालवल्या, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून १९३७ ला निवडून विधिमंडळात गेले. आणि १९३९ च्या जानेवारीत गेलेही, वय अवघं पस्तीस. "जय भीम" हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. कन्हान नदीच्या काठावर त्यांची समाधी आहे, दरवर्षी जानेवारीत लोक जमतात. पण एरवी? ड्रॅगन पॅलेसमधून निघालेल्या बसला समाधीकडे वळा म्हणून सांगणारं कोणी नसतं. एवढ्या लोकांच्या तोंडी रोज असलेला शब्द, आणि तो देणाऱ्याचं गाव म्हणून आमची ओळखच नाही. हे मला फार लागतं.

मग छावणी. इंग्रजांनी १८२१ साली इथं लष्करी तळ केला, म्हणूनच कामठी वाढली. 'कॅम्प-टी' वरून नाव पडलं असं लोक सांगतात. आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथंच आहे. छावणीतले जुने बंगले, चर्च, मोठी झाडं बाहेरच्या रस्त्यावरून बघत फिरायला छान वाटतं. फक्त लष्करी हद्दीत फोटो काढायचे नाहीत, मोबाईल खिशात. आणि कन्हान नदी. त्यावर जुना दगडी पूल. पहाटे गेलात तर पाण्यावर बगळे असतात. पाण्यात मात्र उतरू नका. मगरी नाहीत, पण खड्डे आहेत, वाळू सरकते.

आता खायचं. अजी, इथं मी जरा फुगणार, ऐकून घ्या.

आमच्या भागातलं खाणं विणकरांनी घडवलंय. सावजी रस्सा हा हलबा कोष्टी समाजाचा, मागावर बसणाऱ्या माणसांचा. आणि कामठीतली मोमीन घरं, उत्तर हिंदुस्थानातून आलेली, तीही हातमागाचीच. एकीकडं सावजी मटण, दुसरीकडं बिर्याणीची देग. दोघांच्या घरात एकच खटखट ऐकू यायची. माग थंडावले, पण चुली राहिल्या. पाहुणा जेव्हा दोन्हीकडं जेवतो तेव्हा तो कामठीचा इतिहासच खातो, पुस्तक न उघडता.

सावजी म्हणजे नुसतं तिखट, हा गैरसमज. मिरे, लवंग, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, सगळं वेगवेगळं भाजावं लागतं. एक घटक जळला तर सगळी कढई कडू. जुनी माणसं जवसाच्या तेलात करायची, आता बहुतेक ठिकाणी दुसरं तेल असतं. वर जी तर्री येते तिला घाबरून पाहुणे हात मागं घेतात. त्यांना मी सांगते, आधी भातावर रस्सा घ्या, लिंबू पिळा, कांदा तोंडात ठेवा, मग मटणाला हात लावा. आणि शाकाहारी मंडळींनी हिरमुसायचं कारण नाही. पाटोडी रस्सा खा. बेसनाच्या वड्या अन् तोच मसाला. आमच्याकडं त्याचं भांडं, झारा, सगळं वेगळं.

सकाळी तर्री पोहे, दुपारी सावजी किंवा बिर्याणी, आणि थंडीत येत असाल तर रस्त्याच्या कडेला संत्री. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा मोसम. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा येऊ नका असं मीच सांगते. केर्न्सवाले मगर आहे म्हणून पाटी लावतात तर आपण ऊन आहे म्हणून सांगायला काय हरकत आहे? खरं सांगितलं की पाहुणा पुन्हा येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. नागपूर मेट्रोची नारंगी मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आलेली आहे. दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्यात ही मार्गिका पुढं कन्हान नदीपर्यंत यायची आहे. म्हणजे आमच्या डोक्यावरून. लोक म्हणतात, आता भरभराट होईल. मी म्हणते, होईलही, नाहीही. मेट्रो माणूस आणते तशीच घेऊनही जाते. आज पाऊण तास थांबणारा पाहुणा उद्या वीस मिनिटांत परत जाईल, कारण परत जाणं सोपं झालं. आमच्या गावातले तरुण जेवायला नागपूरला जातील ते वेगळंच.

म्हणून स्टेशनं व्हायच्या आधी आपल्या हातातलं करून घ्यावं. मोठं काही नको. एक, स्वच्छ शौचालय. पाहुण्यातल्या बाया माझ्याकडं आल्या की पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, हाच असतो. दोन, ड्रॅगन पॅलेसपासून बाबू हरदासांच्या समाधीपर्यंत आणि नदीपर्यंत बाण असलेल्या पाट्या, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. तीन, सावलीत चार बाकडी आणि पिण्याचं पाणी. चार, आम्ही खानावळवाल्यांनी दारावर भाव लिहावेत. बाहेरगावच्या माणसाला आपण लुटले जाऊ ही भीती असते, पाटी बघितली की तो निवांत आत येतो. आणि पाच, वेळ. आम्ही तीनला चूल विझवतो आणि बस येते साडेतीनला. गेल्या थंडीपासून मी रविवारी पाचपर्यंत चालू ठेवते. दोन बायांना जास्तीचं काम मिळालं, आणि आता त्या दोघी मला म्हणतात, शनिवारीही ठेवू.

तर तुम्ही येणार असाल तर असं करा. सकाळी लवकर निघा, पोहे खा, ऊन वाढायच्या आत नदी आणि समाधी. मग ड्रॅगन पॅलेस, निवांत बसून. दीडला जेवण, कुठंही जेवा, माझ्याकडंच या असं नाही, फक्त गावात जेवा. दुपारी हातमागाचं कोणाकडं काही मिळतंय का विचारा. संध्याकाळी परत जा, किंवा पुढं रामटेक.

तुमच्या गावातही असं असेल. लोक येतात ते एका गोष्टीसाठी, आणि बाकीचं गाव तसंच राहतं. तुमच्याकडं पाहुण्याला टेकायला जागा आहे का, ते आम्हाला लिहून कळवा. मी वाचते सगळं, दुपारी गर्दी ओसरली की. जेवलात का? नसाल तर आधी जेवून घ्या. नमस्कार, अन् जय भीम.