एका दिवसाची सहल आणि वाटाड्याचे कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. एका दिवसाची सहल, तीही आपल्याच जिल्ह्यातील जत्रांची आणि जुन्या गावांची, हा काय गंभीर विचाराचा विषय झाला, असे एखादा म्हणेल. परंतु या विषयात आपल्या तरुणांची उपजीविका आणि आपल्या गावांची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून थोडा वेळ आपले लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत आपले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन जलदुर्ग आहेत. तात्पर्य, पाहुणा आता आपल्या दारी आला आहे आणि पुढेही येत राहणार आहे. त्याला गाव कोणी दाखवावे आणि काय सांगावे, एवढाच प्रश्न उरतो.

या बाबतीत परदेशाकडे एकवार पाहणे बोधप्रद ठरेल. स्पेन देशात राजधानी माद्रिदहून सकाळी निघावे, तोलेदो किंवा सेगोव्हिया यांसारखे प्राचीन नगर वाटाड्याबरोबर पाहावे आणि रात्री परतावे, अशा सहलींची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. एल्चे नावाच्या गावी ऑगस्टच्या १४ व १५ तारखांना देवालयातच एक प्राचीन संगीत नाट्य होते, आणि ते गावातील माणसेच गातात. आपल्या दशावताराची आठवण व्हावी असाच हा प्रकार! पण त्याच देशात बुन्योल नावाचे एक लहानसे गाव आहे. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी तेथील लोक एकमेकांवर टोमॅटो फेकतात. या खेळाची कीर्ती इतकी पसरली की, गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट पाहुणे लोटू लागले. शेवटी २०१३ पासून तिकीट लावून वीस हजारांची मर्यादा घालावी लागली. पाहुण्यांना मर्यादा नसेल, तर यजमानाला स्वतःच्याच अंगणात उभे राहायला जागा उरत नाही, हा धडा आपण वेळीच घ्यावा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. माझ्या मते वाटाड्याची तीन कर्तव्ये आहेत.

पहिले कर्तव्य सत्यकथनाचे. विजयदुर्गाचेच उदाहरण घ्या. तेथील ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून १८६८ साली लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम वायूचा शोध लावला, असे पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले, ही गोष्ट खरी. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने ते गुंटूर येथून पाहिले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता आणि त्याचे निरीक्षण त्याने तेथूनच, ऑक्टोबर महिन्यात केले. तो विजयदुर्गास आला तो तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी. आणि त्याच्या मदतीला ब्रिटिश आरमाराच्या एका जहाजावरील खलाशी होते. ही खरी हकीकत सांगितल्याने विजयदुर्गाचे तेज यत्किंचितही कमी होत नाही. ज्या किल्ल्याने आंग्र्यांचे आरमार पाहिले, त्याला उसन्या अलंकारांची गरज काय? उलट, ऐकणारा पाहुणा जाणता असेल तर एका खोट्यापायी तो आपल्या दहा खऱ्या गोष्टींवरही अविश्वास धरील.

मालवणच्या किल्ल्याविषयीही तेच. सहलीचा आरंभ होडीत बसण्यापूर्वीच व्हावा. किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पाहुण्यांना थांबवावे आणि १६६४ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी कुरटे बेटावरील दुर्गाच्या उभारणीचा आरंभ केला, ती कथा तेथे सांगावी. मग होडीतून जाताना दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला दरवाजा दाखवावा. जवळ जाईपर्यंत तो दिसू नये अशीच त्याची रचना आहे. आत शिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे, आणि चहूकडे खारे पाणी असता गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी आहेत. आणि हेही आवर्जून सांगावे की, या किल्ल्यात आजही माणसे राहतात. ती घरे आहेत, प्रदर्शनातील वस्तू नव्हेत.

दुसरे कर्तव्य मर्यादेचे. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मसुरे गावच्या आंगणेवाडीची श्री भराडी देवीची यात्रा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. या यात्रेला पंचांगातील ठरावीक तिथी नाही. शेतीची कामे आटोपल्यावर देवीचा कौल होतो आणि मग तारीख ठरते. यामुळे वर्षभर आधी जाहिरात करून कोणी ही सहल विकू म्हणेल, तर ते शक्य नाही. येथे देवीच्या सोयीने पाहुण्याने यावे लागते. लाखो लोक दर्शनाला येतात, तरीही आंगणे कुटुंबातील स्त्रिया प्रसाद रांधताना मौन पाळतात आणि रात्री ताटे लावण्याचा विधी होतो. त्या वेळी छायाचित्रे काढण्यासाठी पुढे घुसणाऱ्यास अडविणे हे वाटाड्याचे काम आहे.

याहून मोठी कसोटी आचऱ्याची. श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की काही वर्षांच्या अंतराने तेथे गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री सारा गाव वेशीबाहेर जातो. माणसे तर जातातच, पण गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरेही बरोबर नेली जातात. वेशीबाहेर राहुट्या पडतात, सामुदायिक पंगती उठतात, भजने रंगतात. गरीब-श्रीमंत सारे एकाच आकाशाखाली झोपतात. अशा वेळी हौशी पाहुणा म्हणतो, ‘रिकामा गाव कसा दिसतो, ते आम्हांला एकदा दाखवा.’ बंधूंनो, ज्या उत्सवाचा अर्थच गावात कोणी नसणे हा आहे, तो आत शिरून पाहता येईल काय? वाटाड्याने येथे हात जोडून नाही म्हणावे आणि पाहुण्याला राहुट्यांकडे न्यावे. खरा उत्सव तेथे आहे. जो वाटाडा योग्य वेळी नाही म्हणू शकत नाही, त्याला मी वाटाडा न म्हणता हमाल म्हणेन; तो माणसांचे ओझे फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो.

तिसरे कर्तव्य वेळेचे. आपल्या जत्रांचा दिवस सूर्योदयाला सुरू होत नाही. कार्तिकापासून गावोगावी दहीकाले सुरू होतात. सायंकाळी देवीच्या ओट्या भरल्या जातात, रात्री पालखी फिरते, आणि मग दशावतारी मंडळी रंगून उभी राहतात ती पहाटेपर्यंत. संध्याकाळी सहा वाजता परतीची गाडी धरणाऱ्याला यातले काय दिसणार? खाजाची पुडी आणि गर्दी! म्हणून आपली सहल दुपारी चारला निघून पहाटे परतणारी असावी. ज्यांना दिवसाउजेडी पाहणे आवश्यक आहे, त्यांच्यासाठी सावंतवाडीची गंजिफा व लाकडी खेळणी, पिंगुळीची ठाकर समाजाची चित्रकथी, आणि धामापूरचा तलाव व त्याच्या काठची भगवती आहेच.

आता आपण काय करावे, ते थोडक्यात सांगून संपवितो. आपल्या ज्ञातीतील निम्मी अधिक घरे आज मुंबईस आहेत. तेथे जन्मलेली मुले मे महिन्यात गावी येतात ती जवळजवळ पाहुण्यांसारखीच. आजोबांच्या गावचा देव कोणता आणि त्याच्या जत्रेत आपल्या घराचा मान कोणता, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून पहिली सहल परक्यांसाठी न काढता आपल्याच मुलांसाठी काढावी, असे माझे मंडळास सुचविणे आहे. एका एस. टी. गाडीत मावतील एवढीच माणसे घ्यावीत. त्या त्या गावच्या मानकऱ्यांची आधी अनुमती घ्यावी. गावातीलच एक वडीलधारा आणि एक तरुण असे दोन वाटाडे असावेत. वडिलांनी सांगावे, तरुणाने ते वहीत उतरवून घ्यावे. तरुणास त्याच्या श्रमाचे रोख मानधन द्यावे. जेवण गावातल्या घरी किंवा खानावळीत व्हावे, म्हणजे पैसा तेथेच राहील. अशा चार-पाच सहली झाल्या की आपल्याजवळ वाटाडेही तयार होतील आणि वहीही तयार होईल. मग बाहेरचा पाहुणा आला तर त्याचे स्वागत करण्यास आपण समर्थ असू.

हे काम आपण केले नाही, तर दुसरे कोणीतरी करीलच. तो आपल्या देवाची कथा त्याच्या सोयीने सांगेल, आणि उद्या आपलीच मुले तीच कथा खरी मानतील. ती पाळी न येवो, एवढीच श्री देव रामेश्वराचरणी प्रार्थना.