फोटो काढून झाल्यावर

(१९८८च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू इतकी वर्षं क्लबमध्ये आहेस, तर समाजसेवेवर पंधरा मिनिटं बोल. आणि शाळेला आपण काय द्यायचं, तेही शेवटी सांग.’ समोर भूगोलाच्या बाई बसल्या आहेत. त्यांच्या तासाला मी उभा राहिलो की वर्ग आधीच हसायला लागायचा. आजही हसायला हरकत नाही, कारण मी जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात फजिती माझीच आहे.

आधी एक कबुली देतो. सेवाभावी क्लब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. जुलैमधला पदग्रहण सोहळा, कोटावरचा बिल्ला, हार-तुरे आणि दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो. फोटोत एक वही देणारे अकरा जण आणि वही घेणारा एक मुलगा! तुम्ही हसता, ते बरोबरच आहे. आम्हीही आपसात हसतो. पण या फोटोच्या मागेपुढे जे काम असतं ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

हे क्लब सुरू झाले ते साध्या लोकांच्या बैठकांतून. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली. पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन मित्र. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे, म्हणून नाव रोटरी. लायन्सची सुरुवात १९१७ची, तीही त्याच शहरातली. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम त्यांना चिकटलं ते आजतागायत. आपल्याकडे गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं भरतात, त्यांचा एक धागा तिथपर्यंत जातो.

आपल्या शहराच्या दृष्टीने मात्र मला नाव घ्यायचं आहे ते डॉ. शरदकुमार दीक्षितांचं. जन्म १९३०चा, पंढरपूरचा. अमेरिकेत जाऊन प्लास्टिक सर्जन झाले आणि १९६८पासून दरवर्षी भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करू लागले. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. १९७८मध्ये मोटारीच्या अपघातानं त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. पुढे घशाच्या कर्करोगात आवाज गेला. तरी त्यांचं येणं थांबलं नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत लायन्स मंडळींनी त्यांची शिबिरं वर्षानुवर्षं भरवली. २०११ साली दीक्षित गेले. पण शिबिरं बंद पडली नाहीत, अमेरिकेतून दुसरे डॉक्टर येऊ लागले. माणूस गेल्यावरही काम चालू राहतं, तेव्हा समजावं की ते नीट बांधलेलं होतं.

असं शिबिर बाहेरून पाहिलं तर सगळं श्रेय सर्जनचं वाटतं. ते आहेच. पण सर्जन टेबलाशी उभा राहण्याआधी कुणीतरी खेड्यापाड्यांतून पेशंट शोधलेले असतात. नोंदणी, रक्ताची तपासणी, सतरंज्या, नातेवाइकांचं जेवण, बसस्थानकावरून आणणं-पोचवणं, हे कुणीतरी केलेलं असतं. आणि सर्जन विमानात बसल्यावर टाके काढायला, जखम चिघळली तर बघायला कुणीतरी इथे असावं लागतं.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वीची. क्लबमध्ये मी नवा होतो. दीक्षितांचं नव्हे, ते दुसरंच एक छोटं शिबिर होतं. मला काम दिलं होतं फाटकापाशी बसून नावं तपासण्याचं. शेवटचा दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. सिल्लोडच्या पुढच्या एका गावाहून एक बाई आली होती. कडेवर चार वर्षांची मुलगी, वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. मुलगी भुकेनं रडत होती. आई तिला पदराखाली घेऊन गप्प करत होती. माझ्या खिशात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. आईची नजर जरा दुसरीकडे वळली आणि मी पोरीच्या हातात दोन बिस्किटं ठेवली. ती हसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तुमच्यातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलंच असेल. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं. पोटात अन्न असेल तर भुलेत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं आणि जीवावर बेततं. म्हणून आईला रात्रीच बजावलेलं होतं, आणि तिनं पोरीचं रडणं सोसून ते पाळलंही होतं. भूलतज्ज्ञांनी विचारलं, ‘शेवटचं कधी खाल्लं?’ पोरीच्या हनुवटीला बिस्किटाचा चुरा होता. शस्त्रक्रिया रद्द झाली. संध्याकाळी शिबिर संपलं.

आई मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःशीच म्हणाली, ‘माझंच नशीब असलं.’ पुढे हळूहळू कळलं की घरात चार वर्षं तिला एकच ऐकवलं जात होतं, पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसली, म्हणून पोरीचा ओठ चिरला. हा समज आपल्याकडे किती खोल आहे ते तुम्हाला सांगायला नको. खरं तर साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला असा दोष असतो. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठाचे आणि टाळूचे भाग जुळायचे राहतात. त्यामागे अनुवंश, काही औषधं, आईच्या आहारातली कमतरता अशी अनेक कारणं असू शकतात. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही. एवढं एक वाक्य तिला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

क्लबमधले आमचे एक ज्येष्ठ होते. ते रागावतील म्हणून मी खाली मान घालून उभा होतो. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, मुलीचं नाव-गाव लिहिलं, ते पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘बिस्किट तुम्ही दिलंत. आता हा पेशंट तुमचा.’

मित्रहो, त्या कागदानं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नसतं. त्यांनी शहरातल्या एका सर्जनशी बोलून शस्त्रक्रिया विनामूल्य ठरवून दिली. बाकीचं माझ्याकडे. पहिल्यांदा मुलीला आणलं तर हिमोग्लोबिन कमी निघालं. औषध घेऊन परत. दुसऱ्यांदा तारीख ठरली, तर सर्दी-खोकला. पुन्हा परत. त्या घरात फोन नव्हता. गावातल्या पीसीओवर निरोप ठेवायचा आणि निरोप पोचला असं धरून चालायचं. तिसऱ्या खेपेला तिचे वडील म्हणाले, ‘साहेब, कापूस वेचणी चालू आहे, माझा रोज बुडतो.’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोफत शस्त्रक्रियाही त्या घराला मोफत नसते. एसटीचं भाडं, दोन माणसांची मजुरी, मागे राहिलेल्या लेकरांना कोण बघणार, हा सगळा हिशेब असतो. आम्ही मात्र फलकावर ‘मोफत’ लिहून मोकळे होतो.

शेवटी चौथ्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. टाके काढायला मी सोबत होतो. आईनं पर्समधला लहानसा आरसा मागितला. पर्स माझ्या बायकोची होती, तीही आली होती. आईनं आरसा पोरीसमोर धरला. पोरगी बराच वेळ पाहत राहिली, आणि मग आरशाला बोटानं पुसायला लागली. त्या वेळी फोटो काढायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०१३पासून सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी होते, असे दोष लवकर सापडतात, उपचारही विनाशुल्क होतात. मग क्लबांचं काम संपलं का? माझ्या मते, आता ते खरं सुरू होतं. तपासणीच्या यादीत नाव येणं आणि मूल टेबलापर्यंत पोचणं, यांच्यामध्ये ती एसटी, तो बुडालेला रोज आणि ते ग्रहण उभं असतं. तिथे माणूस लागतो.

पोलिओचंच बघा. रोटरीनं १९८५ साली जगभर पोलिओ संपवायचं मनावर घेतलं. आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ला सुरू झालं. बूथवरचा रविवार आपल्याला आठवतो, ते दोन थेंब आणि करंगळीवरची शाई. पण पोलिओ नुसत्या रविवारी हटला नाही. सोमवारपासून कार्यकर्ते घरोघर फिरत, ज्या पोराच्या करंगळीवर शाई नाही ते शोधत, वीटभट्टीवर आणि ऊसतोड कामगारांच्या पालांवर जात. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. मार्च २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्त ठरवलं. फोटो रविवारचे आहेत, पण यश त्या सोमवारांचं आहे.

आमच्या क्लबांचा एक दोषही सांगतो. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. यानं सगळ्यांना संधी मिळते, पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा प्रकल्प हवा असतो. गेल्या वर्षी लावलेल्या झाडांना पाणी घालणं हा कुणाचाच प्रकल्प नसतो. उन्हाळा आला की झाडांच्या जागी नुसत्या जाळ्या उरतात.

आता शाळेला काय द्यायचं, या प्रश्नाकडे येतो. सकाळी आपण सगळे शाळेत फिरलो. जिन्याखालचा पाण्याचा कूलर पाहिलात? एका जुन्या बॅचनं दिलेला आहे. संगमरवरी पाटी अजून चकचकीत आहे, सगळी नावं वाचता येतात. तोटीला पाणी नाही. मी शिपाईमामांना विचारलं, तर म्हणाले, ‘फिल्टर बदलायचा पैसा कुणाच्या खात्यातून घ्यायचा, तेच ठरत नाही.’ दोष कुणाचाच नाही. देणाऱ्यांनी कूलर दिला, फिल्टरचा विचार केला नाही. मी बिस्किट दिलं, भुलेचा विचार केला नाही. जात एकच.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, काही देण्याआधी मुख्याध्यापकांना, शिक्षकांना आणि मुलांना विचारू या. दुसरी, आपल्या निधीतून नवी वस्तू घेण्याआधी तो जुना कूलर दुरुस्त करू या आणि उरलेली रक्कम ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून फिल्टर बदलत राहू या. पाटी त्या जुन्या बॅचचीच राहू दे.

तिसरी सूचना चष्म्यांची. आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मित्र फळ्यावरचं उतरवून घेत नसे म्हणून रोज मार खायचा. त्याला फळा दिसतच नव्हता, हे नववीत कळलं. आज तो इथे बसला आहे, जाड भिंगांच्या चष्म्यातून माझ्याकडे बघून हसतो आहे. पाचवी ते दहावीच्या मुलांचे डोळे तपासायला डॉक्टर मिळतील, चष्मे द्यायला क्लबही मिळतील. आपल्याला हवी आहेत बारा जोड्या माणसं. दर महिन्याला दोघांनी वर्गात जायचं आणि दिलेले चष्मे नाकावर आहेत की दप्तरात, ते बघायचं. ‘चष्मिष्ट’ म्हणून चिडवतात म्हणून कुणी लपवतं, कुणाची काडी तुटलेली असते, कुणाचा नंबर वाढलेला असतो. हे काम कुठल्या पेपरात येणार नाही.

दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात रकमेचा रकाना नाही. फक्त महिना आणि दोन नावं. जूनसमोर एक नाव मी लिहून ठेवलं आहे, शेजारची जागा रिकामी आहे. जेवायला जाण्याआधी वही बघा. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी गाडीचा खर्च धरूनच नाव लिहा, नाहीतर लिहू नका. आणि जाताना खिशात बिस्किटं असतील, तर द्यायच्या आधी विचारा.