लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर

1995 साली लाहोर उच्च न्यायालयात सलामत मसीह या चौदा वर्षांच्या ख्रिस्ती मुलाचं अपील उभं राहिलं. मशिदीच्या भिंतीवर धर्मनिंदेचा मजकूर लिहिल्याच्या आरोपावरून त्याला फाशी सुनावली होती. मुलगा निरक्षर! शिवाय, तो मजकूर नेमका काय, हे साक्षीदार न्यायालयात उच्चारायलाही तयार नव्हते. त्याची बाजू मांडली अस्मा जहांगीर यांनी. बाहेर संतप्त जमाव, जिवे मारण्याच्या धमक्या. तरी त्या मागे हटल्या नाहीत. सलामत निर्दोष सुटला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी आरिफ इक्बाल भट्टी यांची 1997 मध्ये हत्या झाली. म्हणजे धोका किती खरा होता, पाहा.

अस्मांचा जन्म 1952 चा. वडिलांना लष्करी कायद्याखाली स्थानबद्ध केलं, तेव्हा या तरुण मुलीनं न्यायालयात दाद मागितली. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच खटल्यात लष्करशहा याह्या खान यांची सत्ता बेकायदा ठरवली.

पुढे लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात काही व्यवहारांत दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाच्या साक्षीइतकी धरणारा कायदा येऊ घातला. त्याविरुद्ध 12 फेब्रुवारी 1983 रोजी लाहोरमध्ये स्त्रियांनी मोर्चा काढला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. अस्मा त्या चळवळीत आघाडीवर होत्या. 1987 मध्ये पाकिस्तान मानवी हक्क आयोग ही स्वतंत्र संघटना उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

2010 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालय वकील संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 11 फेब्रुवारी 2018 रोजी त्यांचं निधन झालं. लाहोरमधल्या त्यांच्या जनाज्याच्या नमाजाला पुरुषांबरोबर स्त्रियाही उभ्या होत्या.