विद्वानांनी केलेली विद्वानांची पारख

आज ज्या स्नातकांना पदवी दिली जात आहे त्यांच्या विद्येची पारख अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुणपत्रिका यांच्या आधारे झाली आहे. ज्यू परंपरेतील रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्राचा अर्थ लावून निर्णय देणाऱ्या आचार्यांनी, एकमेकांची विद्या यांपैकी कोणतेही साधन हाताशी नसताना जोखली, आणि ती कशी जोखली हे पदवीधरांनी एकदा पाहण्याजोगे आहे. या विद्येचा विषय तोरा, म्हणजे मुळात मोशेचे पाच ग्रंथ, परंतु रब्बींच्या लेखी त्यांवरची सारी मौखिक परंपराही तोराच होय, ती इ.स. 200 च्या सुमारास मिश्ना या संहितेत संकलित झाली आणि मिश्नावरची पुढील काही शतकांची चर्चा तालमूदमध्ये आली. कोकणातील बेने इस्राएल समाजात दीर्घकाळ रब्बी नव्हते, धर्मकृत्ये आणि तंटे समाजातीलच काझी पाहत, त्यामुळे शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या या लोकांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसालाही ही विद्वत्परंपरा फारशी ठाऊक नाही.

इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर यावने येथे विद्येची घडी पुन्हा बसवणाऱ्या योहानान बेन झकाई यांनी आपल्या 5 शिष्यांचे वर्णन केले आहे. त्यांत एलिएझर हा थेंबही न गळणारे गिलावा केलेले टाके ठरतो, तर एलाझार बेन अराख हा सतत वाढत जाणारा झरा. सर्व पंडित तराजूच्या एका पारड्यात घातले तरी दुसऱ्या पारड्यातील एलिएझर जड भरेल, असे गुरूचे मत मिश्ना नोंदवते आणि लगेच त्याच गुरूच्या नावावर, जड भरणारा एलाझार होय, असे दुसरे मतही नोंदवते. संकलकाने यांपैकी एकही खोडले नाही. हाच एलाझार पुढे सहाध्यायांपासून दूर, सुखवस्तू गावी जाऊन राहिला आणि शिकलेले विसरला, असे तालमूद सांगते.

टाके की झरा, म्हणजे स्मरण श्रेष्ठ की युक्तिवाद, हा प्रश्न चौथ्या शतकात बाबिलोनमधील पुंबेदिता येथील विद्यापीठाचा प्रमुख नेमताना ऐरणीवर आला. रव योसेफ याला संपूर्ण परंपरा मुखोद्गत होती, म्हणून तो ‘सिनाय’, म्हणजे जेथे तोरा मिळाली तो पर्वत. दुसरा उमेदवार रब्बा वादात डोंगर उपटून टाकी. पॅलेस्टाइनच्या पंडितांनी, धान्याच्या धन्याची गरज सर्वांनाच पडते, असे सांगून सिनायला कौल दिला, तरीही रव योसेफने पद नाकारले आणि रब्बा 22 वर्षे प्रमुख राहिला. हा निव्वळ विनय मानण्याचे कारण नाही, कारण ज्योतिषांनी आपल्याला दोनच वर्षांचे प्रमुखपद वर्तवले होते म्हणून त्याने ते टाळले, हे तालमूद मोकळेपणी सांगते. मात्र रब्बाच्या त्या 22 वर्षांत रव योसेफने रक्त काढणाऱ्यालाही कधी स्वतःच्या घरी बोलावून घेतले नाही, इतका तो बडेजावापासून दूर राहिला, ही नोंदही तेथेच आहे.

निर्णय देण्याचा अधिकार प्रश्नोत्तरांनी कसा दिला जाई, हे आधीच्या एका प्रसंगात दिसते. मिश्नाचा संकलक येहुदा हानासी याला पंडित हिय्या विचारतो की आपला भाचा, नुसत्या ‘रव’ या नावाने ओळखला जाणारा पंडित, बाबिलोनला निघाला आहे, त्याने विधिनिषेधाचे निर्णय द्यावेत का? द्यावेत. न्यायनिवाडा करावा का? करावा. पहिलटकर जनावराच्या पिल्लाला मोकळीक द्यावी का? देऊ नये. असे पहिले नर पिल्लू देवाचे मानले जाई. मंदिर गेल्यावर त्याचा बळी देता येईना, तेव्हा त्याच्या अंगी कायमचे व्यंग असेल तरच ते कापून खाण्यास मोकळे होई, आणि व्यंग कायमचे की जाणारे हे जाणकाराने ठरवायचे असे. रव तर हेच शिकण्यासाठी 18 महिने एका गुराख्याजवळ राहिला होता. मग नकार का? आधी हा अधिकार मिळालेल्या रब्बा बर हाना याचा मान राहावा म्हणून, असे एक कारण तालमूद देते. दुसरे अधिक मार्मिक आहे: रवची नजर इतकी बारीक होती की इतरांना न कळणाऱ्या व्यंगांवरही तो मोकळीक देईल, आणि ते पाहणारे लोक बऱ्या होणाऱ्या व्यंगालाही तोच न्याय लावतील. येथे विद्येचे माप विद्वानाच्या डोक्यात थांबत नाही, ती लोकांच्या हाती गेल्यावर काय होईल हेही त्यात धरले जाते.

मानाची सर्वांत कठोर कसोटी तिबेरियासच्या योहानान आणि रेश लाकिश यांच्या नात्यात दिसते. रेश लाकिश एके काळी दरोडेखोर होता. योहानानने त्याला विद्येकडे वळवले, आपली बहीण दिली, आणि तो त्याच्या तोडीचा पंडित झाला. तलवार, सुरी अशी हत्यारे घडून पुरी कधी होतात, म्हणजे अशुद्धी लागण्यास पात्र कधी ठरतात, यावर दोघांचा वाद झाला: योहानान म्हणाला भट्टीत तापवल्यावर, रेश लाकिश म्हणाला पाण्यात विझवल्यावर. त्यावर, दरोडेखोराला आपली हत्यारे ठाऊक असायचीच, असा टोमणा योहानानने मारला. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याऐवजी माणसाचे पूर्वायुष्य काढले गेले, आणि या दुराव्यात रेश लाकिश आजारी पडून मरण पावला. शोकाकुल योहानानच्या सोबतीला एलाझार बेन पेदात याला धाडण्यात आले. तो प्रत्येक विधानाला पुष्टी देणारे जुने वचन काढून दाखवी. योहानानला ते सोसवेना. आपले म्हणणे बरोबर आहे हे त्याला ठाऊकच होते; रेश लाकिश प्रत्येक विधानावर 24 आक्षेप घेई, त्यांना 24 उत्तरे द्यावी लागत आणि त्यातून शास्त्राचा विस्तार होई. पुष्टी देणारा सहकारी त्याला निरुपयोगी वाटला, एवढेच नव्हे, तर त्या दुःखात त्याची मती फिरली.

पुढील काळात सन्मानाची सौम्य रूपेही आली, जसे नव्या ग्रंथाच्या आरंभी छापले जाणारे ज्येष्ठ रब्बींचे संमतिपत्र, परंतु त्यांत बहुधा स्तुतीच असते. टीकाकाराने दिलेला मान त्याहून बोलका ठरतो. बाराव्या शतकात ज्यू पंडित मायमोनिदीझने समग्र धर्मशास्त्राची संहिता आधारवचने न देता रचली, तेव्हा दक्षिण फ्रान्समधील अब्राहम बेन दाविद याने तिच्यावर जागोजाग तिखट आक्षेप लिहिले, आणि रूढ आवृत्त्यांत ते मूळ संहितेच्या शेजारीच छापले जातात. पिके, जनावरे इत्यादींच्या भिन्न जातींच्या मिश्रणाविषयीच्या नियमांपाशी तोच टीकाकार लिहितो की विखुरलेली वचने एकत्र आणण्याचे थोर काम या माणसाने केले नसते, तर त्याच्याविरुद्ध वडीलधाऱ्यांची आणि पंडितांची सभाच भरवली असती.